आश्रुबाच्या पायताणाची करकर

युसूफ वडगावात काही माणसं आधी ऐकू येतात आणि मग दिसतात. ज्यांच्या पायात आश्रुबाच्या घरचं पायताण असतं, त्यांचं असं होतं. करकर, करकर असा कोरडा, ठासून भरलेला आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की पारावरचे पत्ते मांडीखाली जातात, शाळेचा शिपाई उगाच झाडू हातात घेतो आणि घराघरांतल्या सुना डोक्यावरचा पदर सारखा करतात. अर्जुनराव आले, हे सांगायला अर्जुनरावांना आजवर कधी खोकावं लागलेलं नाही.

अर्जुनराव म्हणजे गावातलं मोठं घर. ऊस, दोन ट्रॅक्टर आणि पंचायत समितीच्या चार निवडणुका. त्यांतल्या दोन जिंकल्या. उरलेल्या दोन ते स्वतः मोजत नाहीत, म्हणून आपणही मोजायला नकोत. पण त्यांचा दरारा उसात आहे की पायताणात, हा गावातला जुना वाद. एकदा लग्नाच्या मांडवातून त्यांचं पायताण गेलं आणि ते कुणाच्या तरी रबरी चपला घालून घरी आले, तर दारातल्या कुत्र्यानंही ओळखलं नाही, असं बंकट चहावाला सांगतो. बंकटचं निम्मंच धरायचं असतं. पण निम्मं धरावंच लागतं.

हे पायताण करणारा आश्रुबा सत्तरीचा. अंगानं वाळक्या शेंगेसारखा, जीभ मात्र ओली. त्याचे वडील मोटा शिवायचे. विहिरींवर इंजिनं आली, मग मोटरी आल्या, आणि चामड्याची मोट शाळेच्या भिंतीवरच्या चित्रात तेवढी राहिली. आश्रुबा पायताणांकडं वळला. मग आठवडी बाजारात प्लॅस्टिकच्या चपलांचे ढीग आले आणि गावानं पाय तिकडं नेले. आश्रुबाबरोबरच्या दोघांनी कातडं कापायची रापी टाकून गवंड्याच्या हाताखाली काम धरलं. आश्रुबानं आठ दिवस विचार केला आणि त्याला एक गोष्ट कळली, ती अशी की गरजेचं पायताण गेलं, आता उरलं ते मिजाशीचं. आणि मिजाशीला आवाज लागतो.

तेव्हापासून तो मिजाशीचं तेवढंच करतो. बाभळीच्या सालीत कमावलेलं म्हशीचं कातडं, तळाला चार थर, खिळा एकही नाही. शिलाई सगळी चामड्याच्या वादीची, अंगठ्यावर बारीक वेणी, आणि शेवटी करडीचं तेल पाजून तीन दिवस सावलीत. एका जोडीला बारा-पंधरा दिवस लागतात आणि घाई करणाऱ्याला वीस. माप घ्यायची रीत तीच जुनी. गिऱ्हाइकाला वर्तमानपत्रावर अनवाणी उभं करायचं आणि पेन्सिलीनं पाय काढून घ्यायचा. ते कागद एका पत्र्याच्या पेटीत आहेत. त्या पेटीत गावाच्या दोन पिढ्या उभ्या आहेत.

खरी गंमत तळाच्या दोन थरांमध्ये असते. तिथं कच्च्या कातड्याची एक बोटभर वादी बसवायची. ती कशी वाळवायची, तिला काय चोळायचं, किती ताणून बसवायची, यावर आवाज ठरतो. पुढाऱ्याला भारदस्त, नव्या नवरदेवाला जरा चढा, दुधाच्या धंद्यातल्या माणसाला बेताचा, कारण म्हशी बुजतात.

पाय बघून आश्रुबाला माणसाचं बरंच काही कळायचं. जे आश्रुबाला कळायचं ते त्याच्या बायकोला, छबुबाईला कळायचं, आणि छबुबाईला कळलं की बंकटची गाडी बंद असली तरी गावाचं काही अडत नसे. रामकिसन नावाच्या एका बऱ्या घरच्या गृहस्थानं एकदा हळूच येऊन अजिबात न वाजणारी जोडी मागितली. आवाजानं डोकं दुखतं म्हणाला. आश्रुबानं मान हलवली, माप घेतलं. दुसऱ्या दिवशी रामकिसनच्या बायकोचा छबुबाईकडं निरोप आला. काय निरोप होता, ते दोघींनाच माहीत. जोडी मात्र मऊ, मुकी, झकास झाली. रामकिसन खूश. दहा दिवसांनी तळातलं तेल सुकलं आणि पायताणाला कंठ फुटला. तो नेमका कुठल्या गल्लीत फुटला, ते इथं लिहायचं कारण नाही. रामकिसन हल्ली बूट घालतो.

असा हा कारागीर. आणि त्याचा उजवा अंगठा दोन वर्षांपूर्वी गेला.

गेला म्हणजे जागेवर आहे, पण त्याला काही कळत नाही. अर्जुनरावांच्याच जोडीला टाका घालताना भोक पाडायची आरी निसटली आणि अंगठ्याच्या मुळात शिरली. केजच्या डॉक्टरनं टाके घातले, जखम भरली, संवेदना परत आली नाही. पन्नास वर्षं आरी धरलेल्या माणसाला आरीच लागावी, ही गोष्ट आश्रुबाला सांगण्यासारखी वाटली नाही. अंगठा दाराच्या फटीत सापडला, असं त्यानं सांगितलं. गावाला दाराची फट पटली नाही. गावानं छबुबाई चावली असं ठरवलं, आणि छबुबाईनं दोन दिवस रागावून तिसऱ्या दिवशी ते नाकारणं सोडून दिलं.

रापी मुठीत धरता येते, त्यामुळं कापणी आश्रुबाचीच राहिली. शिलाई आणि आवाजाची वादी मात्र योगिताकडं गेली. योगिता त्याची सून, चौसाळ्याची. नवरा लखन परळीला, वीज केंद्राच्या राखेच्या विटांच्या कारखान्यात, आठवड्यातून एकदा घरी. लग्न होऊन आल्यापासून ती सासऱ्यासमोर बसून वेण्या विणायची, शिलाईच्या वादीला मेण लावायची. आश्रुबानं तिला आतल्या खोलीत बसवलं, दाराला पडदा लावला आणि ओसरीवर जाहीर केलं की वादी बसवताना कुणी बघायचं नाही, वडिलांची तशी शपथ आहे. वडिलांनी बिचाऱ्यांनी जन्मात वाजणारं पायताण केलं नव्हतं.

तर दोन वर्षं असं चाललं होतं. आश्रुबा गिऱ्हाइकासमोर कापायचा, गप्पा मारायचा, मग तळ घेऊन गंभीरपणे पडद्याआड जायचा आणि तिथं पोत्यावर बसून तंबाखू मळायचा. योगिता काम करायची. तो जोडी घेऊन बाहेर यायचा. लोक म्हणू लागले, आश्रुबाचा हात म्हातारपणी जास्तच बसला. आवाज पूर्वी असा गोल नव्हता. अर्जुनराव तर पाहुण्यांसमोर मुद्दाम चार पावलं जास्त चालायचे. आश्रुबा ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, देवाची कृपा.

हे सगळं असंच चाललं असतं, पण अर्जुनरावांच्या सुनेनं, राजनंदिनीनं, सासऱ्याच्या चालण्याचा व्हिडिओ काढून पुण्याला मैत्रिणीला पाठवला. मैत्रीण करिष्मा. तिचं हातानं केलेल्या चामड्याच्या वस्तूंचं दुकान आहे. वस्तू अशा की लोक आधी हळूच किंमत विचारतात, मग पिशवीला हात लावतात. तिला तो आवाज फार आवडला. तिनं कळवलं की वीस जोड्या हव्यात. प्रत्येक जोडीच्या आतल्या बाजूला करणाऱ्याच्या नावाचा ठसा असेल, दुकानात त्याचा फोटो असेल. फक्त एक अट. हाताचं म्हणून दाखवतात आणि मशीनचं गळ्यात मारतात, असं दोनदा झालंय, तेव्हा एक जोडी डोळ्यांदेखत पुरी झालेली बघायची.

नावाचा ठसा म्हटल्यावर आश्रुबा आठ दिवस जमिनीवर नव्हता. ठशात पूर्ण नाव बसेल का, पुढं 'श्री' लावतात का, असल्या चौकशा त्यानं बंकटकडं केल्या. जेवताना योगितानं भाकरी वाढता वाढता एकदाच विचारलं की नाव कुणाचं घालणार. आश्रुबा म्हणाला, घराचं. तिनं विचारलं, म्हणजे कुणाचं. आश्रुबानं ताटातली चटणी कमी तिखट झाल्याची तक्रार केली. योगितानं चटणीचं भांडं पुढं सरकवलं. छबुबाईनं दोघांकडं बघितलं आणि ती बोलली नाही, आणि छबुबाई बोलत नाही म्हणजे काहीतरी शिजतंय, हे आश्रुबाला चाळीस वर्षांच्या संसारात कळायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी करिष्मा आली. बरोबर राजनंदिनी, आणि अर्जुनराव तर येणारच, जोडी त्यांच्याच मापाची करायची होती. कातडं भिजवणं, ठोकणं, तळाचे वरचे थर ही बऱ्याच दिवसांची कामं आधीच करून ठेवली होती. डोळ्यांदेखत पट्टे कापायचे, वादी बसवायची आणि तळ बंद करायचा, असं ठरलं. ओसरीवर सतरंजी, समोर अर्धी गल्ली.

आश्रुबा रंगात होता. रापी अशी फिरवली की करिष्मानं दोनदा थांबवून पुन्हा बघितलं. पट्टे कापले, कड तासली. मग तळ उचलून तो उठला आणि शपथेचं सांगितलं. करिष्मानं विचारलं, तेवढंच नेमकं बघायचं नाही का? अर्जुनरावांनीच परस्पर समजावलं की बाई, प्रत्येक घराचं काही झाकलेलं असतं. आश्रुबा पडद्याआड गेला, तंबाखू मळली. पाऊण तासानं योगितानं शिवलेली जोडी त्याच्या हातात दिली. टाका एकसारखा, कड बंद, बघत राहावं असं काम. तो बाहेर आला आणि जोडी अर्जुनरावांच्या पायांसमोर ठेवली.

अर्जुनरावांनी पाय घातले, धोतर सावरलं, मिशीवरून हात फिरवला आणि चालायला लागले.

काहीच वाजलं नाही.

ओसरीच्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. चोराच्या पावलानं आले म्हणावं तसे आले. गल्लीतल्या कुणीतरी खाकरून घेतलं. अर्जुनरावांनी टाच आपटून बघितली. मग ते आश्रुबाकडं बघत म्हणाले, "काय बे आश्रुबा, मी आलो का न्हाई आजून?"

लोक हसले. आश्रुबाही हसला, म्हणाला जरा दम धरा आबा, वादी निजलीय, उठवून आणतो. जोडी घेऊन पुन्हा आत गेला. पडदा पडला आणि त्याचं हसू पडद्याबाहेरच राहिलं.

योगिता भिंतीला टेकून बसली होती. हत्यारं समोर ओळीनं मांडलेली.

"योगिता, आवाज कुठं गेला?"

"मला कावून इचारता मामा? पायताण तुमचं, नाव तुमचं. आवाज बी तुमच्याकडंच आसंल."

आश्रुबानं दबक्या आवाजात तिला बरंच सुनावलं. गावासमोर माती केली म्हणाला, लखनला फोन करतो म्हणाला. योगिता म्हणाली, करा, त्यांना कालच सांगितलंय. मग आश्रुबा खाली बसला. आरी घेतली, तळाच्या कडेचे चार टाके उसवले, आत वादीच नव्हती, आणि ती स्वतः बसवायला लागला. आरी अंगठ्यावरून घसरली आणि फरशीवर पडली. उचलली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा ती योगिताच्या पायाशी गेली. तिनं पाय मागं घेतला, पण आरी उचलून दिली नाही. बाहेर चहाची दुसरी फेरी चालली होती आणि छबुबाई पाहुणीला आपल्या माहेरची, न विचारलेली, सगळी माहिती सांगत होती.

आश्रुबा अंगठ्याकडं बघत बसला. मग वादीकडं बघितलं. शिलकी वाद्यांतली एक त्यानं पडद्याच्या फटीतल्या उजेडाकडं धरली. ती त्याच्या पद्धतीची नव्हती. तो राळ चोळायचा, ती पिवळट दिसते. ही करडी होती, आणि बोटाला पिठासारखं काहीतरी लागत होतं. डाव्या हाताच्या बोटाला. उजव्या अंगठ्याला कुठलं कळायला.

दोन वर्षांत त्यानं हे कधी विचारलंच नव्हतं. आवाज चांगला येत होता, लोक वाखाणत होते, आणि वाखाणणाऱ्याला अडवून चौकशी करायची पद्धत कुठंच नाही.

"हे काय लावलंस?"

"राख."

"चुलीची?"

"चुलीची भरड आसती. परळीची हाय. ह्यांच्या कपड्याला लागून येती ती झटकून ठिवायची मी. आता पुडीच आणायला सांगते. राळीत मिसळून दोनदा चोळायची, मधी एक रात वाळू द्यायची. नुसत्या राळीनं चिरकतंय, तुमच्या जुन्या जोड्या चिरकायच्या की."

चिरकायच्या. पन्नास वर्षांच्या कामाला हा शब्द आश्रुबानं पहिल्यांदा ऐकला. दुसरा कुणी असता तर तो भांडला असता. पण मनातल्या मनात त्यानं अर्जुनरावांची जुनी चाल आठवली, मग नवी आठवली, आणि कान खोटं बोलेनात. मिजास एका बाजूला राहिली आणि म्हाताऱ्यातला कारागीर पुढं सरकला.

"किती ताणतीस?"

"बगा की," म्हणाली योगिता आणि आरी उचलली.

तिनं वादी दोन बोटांत धरून पिळली, ताणली, पुन्हा ढिली सोडली. आश्रुबा पुढं वाकला. खोलीत खिडकी एकच, तीही पोत्यानं झाकलेली. ती शपथेसाठी त्यानंच झाकली होती. त्याला नीट दिसेना. त्यानं मान तिरकी केली, तिला सरकायला सांगितलं, स्वतः सरकला. तरी तिची बोटं सावलीतच राहिली.

 बाहेर अर्जुनराव मोठ्यानं कुणाला तरी वेळ विचारत होते.

"भायेर चल," आश्रुबा म्हणाला. "हितं उजेड न्हाई."

योगितानं त्याच्याकडं बघितलं. तो आधीच हत्यारं गोळा करत होता. आरी, मेण, वाद्यांची जुडी, राखेची पुडी, सगळं डाव्या हातानं. पडदा त्यानं बाजूला केला नाही, खिळ्यावरून काढूनच टाकला.

ओसरीवर त्याची बसायची जागा ठरलेली होती, खांबाला टेकून. तिथं त्यानं हत्यारं ठेवली आणि योगिताला बस म्हणाला. मग अर्जुनरावांकडं न बघता, कापलेल्या तुकड्यांकडं बघत, सांगून टाकलं की आबा, अंगठा आरीनं गेलाय, दाराच्या फटीनं नाही, आणि दोन साल झाली, शिलाई हिची आहे, आवाज हिचा आहे. शपथ वगैरे काही नाही.

 अर्जुनरावांना ही गोष्ट पचायला वेळ लागला. बैठकीत, बाजार समितीत, केजच्या कचेरीत ज्या पावलांचा त्यांना गर्व, ती पावलं त्यांच्या डोळ्यांपुढून एकामागून एक जात असावीत.

"मंजी दोन सालं मी एका सुनंच्या हातचं वाजवत गावभर हिंडायलो?"

यावर राजनंदिनी, जी सासऱ्यासमोर सहसा बोलत नाही, पदर न सावरता म्हणाली, "मामा, ऐकायलोत बी आमी सुनाच की. तुमी गल्लीच्या तोंडाला आलात की घरात सगळ्यांला कळतंय. म्हणून तर बरं चाललंय."

आता या बोलण्यात बरंच होतं. अर्जुनरावांच्या घरात टीव्ही कधी चालू असतो आणि कधी बंद होतो, सुना कधी हसतात आणि कधी कामात असतात, हे त्यात सगळं आलं होतं. गल्लीतल्या बायका आधी हसल्या, पुरुषांना मागून कळलं. अर्जुनरावांना कळलं की नाही, सांगता येत नाही. त्यांनी पायताणासाठी हात पुढं केला आणि म्हणाले, "कर बाई लौकर. अनवानी किती येळ उभं राहू?"

योगितानं सगळ्यांसमोर, भर उजेडात, वादी बसवली. आश्रुबा शेजारी उकिडवा बसून टक लावून बघत होता, गिऱ्हाइकापेक्षा जास्त. अर्जुनराव चालले. करकर, करकर. पारावर कुणीतरी सवयीनं पत्ते लपवले.

करिष्मानं वीस जोड्या सांगितल्या आणि ठशावर नाव काय घालायचं ते विचारलं. आश्रुबा म्हणाला, हिचं घाला. घोटभर पाणी पिऊन पुढं म्हणाला, 'आश्रुबाची सून' असं कंसात येतं का बघा. योगिता म्हणाली, "नुसतं योगिता." या कंसावरून त्या घरात तीन दिवस अबोला होता. छबुबाईनं दोन्हीकडचे निरोप पोचवले, आणि पोचवताना त्यात आपलं मीठही घातलं. ठसा आला तो तीन अक्षरांचा, बिनकंसाचा.

बंकटनं नंतर सगळीकडं सांगितलं की मला पहिल्यापासून माहीत होतं. तसं ते आता निम्म्या गावाला पहिल्यापासून माहीत होतं.

आश्रुबा अजून ओसरीवर बसतो, पण खांब योगिताकडं गेलाय. तो कापतो, माप घेतो, गिऱ्हाइकाला गप्पांत धरतो. पुण्याहून, लातूरहून कुणी आलं की न विचारता सांगतो की हिला मीच शिकवलं. गिऱ्हाईक असेपर्यंत योगिता खाली मान घालून शिवत राहते. परवा असंच एक जोडपं माप देऊन गेलं आणि गाडी वळल्यावर तिनं विचारलं, "काय शिकवलं वो मामा, सांगा की आमाला बी."

आश्रुबानं रापीला धार लावता लावता विचार केला. "येळेवर हात काडून घेतला की," तो म्हणाला. "त्येला बी शिकवणंच म्हणत्यात."

"येळेवर?" योगितानं दाबून धरलेला टाका ओढला. "दोन सालं उशीर झाला."

आश्रुबानं रापीची धार डाव्या अंगठ्यावर तपासली आणि पुढचं कातडं ओढून घेतलं.